पक्षाचा उमेदवार आणि पक्षाचा पुढारी

आपल्याकडच्या लग्नपत्रिकेच्या तळाशी नावांची एक लांबलचक यादी असते. कोणी 'आपले विनीत', कोणी 'स्वागतोत्सुक', आणि उरलेले सगळे 'समस्त आप्तेष्ट मंडळी'. त्या यादीत नाव राहून गेले म्हणून भाऊबंदांत वर्षानुवर्षांचा अबोला झालेला तुम्ही पाहिला असेल. पण याच्या उलट प्रकारही कधी कधी दृष्टीस पडतो. पत्रिकेत नाव ठळक छापलेले असते, आणि लग्नाच्या दिवशी हे गृहस्थ मांडवाकडे फिरकत नाहीत. उलट पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "सोयरीक काही बरी जमली नाही बुवा!" अशा माणसाला तुम्ही काय म्हणाल? तुमच्या मनात जो शब्द आला असेल तो आकाशवाणीवरून उच्चारण्याजोगा नसावा, तेव्हा तो तुमच्यापाशीच राहू द्या.

आपल्या नगरपालिकांच्या आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुकांत हा प्रकार इतका रुळला आहे की त्याचे कोणाला नवल वाटत नाही. २०२५ च्या डिसेंबरात राज्यभर नगरपरिषदांच्या आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, तेव्हा गावोगावच्या चहाच्या हॉटेलांत उमेदवारांपेक्षा याच गोष्टीची चर्चा अधिक होती. अमक्या पक्षाचे तिकीट अमक्याला मिळाले खरे, पण साहेब त्याचे काम करणार का? 'साहेब आतून कोणाचे?' हा प्रश्न विचारणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही, आणि उत्तर देणाऱ्यालाही वाटत नाही. म्हणून आज मी तो सरळ करून तुमच्यापुढे ठेवतो. पक्षाने अधिकृत उमेदवार दिला, तर त्या पक्षाच्या पुढाऱ्याने उघडपणे त्याच्या पाठीशी उभे राहिलेच पाहिजे काय?

आधी हे सांगतो की मी ग्रामपंचायतीविषयी बोलत नाही. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तिथे पॅनेल असते. पॅनेलच्या मागे पक्ष असतो, पण तो पडद्याआड. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मात्र प्रत्येक पक्ष 'इतक्या ग्रामपंचायती आमच्या' म्हणून आकडा जाहीर करतो, आणि या साऱ्या आकड्यांची बेरीज करू गेले तर तालुक्यात आहेत त्याहून जास्त ग्रामपंचायती भरायच्या! गावच्या कारभारात पक्ष असावेत की नसावेत, हा वाद जुना आहे. विनोबा आणि जयप्रकाश नारायण यांना ते नको होते. गावाने एकमताने चालावे, पक्षांनी त्यात फूट पाडू नये, असे त्यांचे म्हणणे. पुढे पंचायत राज्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या अशोक मेहता समितीने १९७८ च्या आपल्या अहवालात याच्या उलट सांगितले. पक्ष असे ना तसे येणारच आहेत, तर त्यांना उघडपणे येऊ द्या, अशी त्या शिफारशीची दिशा होती. त्यातला 'उघडपणे' हा शब्द आपण लक्षात ठेवू. नगरपरिषद, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद येथे आज पक्ष उघडपणे आहेत. तेथे चिन्ह आहे, आणि ते चिन्ह मिळण्यासाठी आपण बोलण्यात ज्याला एबी फॉर्म म्हणतो तो कागद लागतो. कोणाच्या सहीला पक्षाची सही मानायचे हे एका कागदावर असते, आणि त्या सहीने कोणाला उमेदवार केले हे दुसऱ्यावर.

या कागदाची किंमत काय, हे देऊळगाव राजाच्या बाजूच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. आमच्या या भागात आणि शेजारच्या जालन्याकडे बियाण्याचा व्यवहार मोठा. शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचे बी धरणारी कितीतरी कुटुंबे या तालुक्यात आहेत. बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो. पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणित बियाण्याला निळा. शेतकऱ्याला पिशवीतला दाणा पाहून त्याची उगवणशक्ती कळत नाही. तो टॅगवर विश्वास ठेवतो आणि पेरणी करतो. आता समजा, ज्याच्या सहीने टॅग लागला त्यानेच दुकानाच्या मागच्या दाराने येऊन सांगितले की, "अहो, हे बी घेऊ नका, उगवायचे नाही," तर? बी वाईट असेल तर टॅग लावायचा नव्हता. बी चांगले असेल तर ही कुजबुज कशासाठी? दोन्हीपैकी काही खरे असो, फसला तो शेतकरीच.

पक्षाचे चिन्ह हा मतदाराच्या हातातला असाच टॅग आहे. प्रभागातल्या प्रत्येक उमेदवाराची पारख प्रत्येक मतदाराला असते असे नाही. आपल्या आजोबांनी बैलजोडीवर शिक्का मारला तो पुष्कळदा माणूस पाहून नव्हे, तर त्या चिन्हामागे जे उभे आहेत त्यांना पाहून. तेव्हा चिन्ह देणाऱ्याने चिन्हामागे उभे राहावे, ही अपेक्षा मतदाराची आहे. उमेदवाराची सोय हा त्यातला दुय्यम भाग झाला.

पण येथे एक अडचण उभी राहते. उमेदवार ठरवतो कोण? हे समजण्यासाठी थोडे दूर, अमेरिकेत, जाऊन येऊ. २०२५ साली न्यूयॉर्क शहराच्या महापौराची निवडणूक झाली. तिथे पक्षाचा उमेदवार पुढारी ठरवीत नाहीत. पक्षाचे म्हणून नोंदलेले सामान्य मतदार आधी आपसांत मतदान करून तो ठरवतात. जूनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अशा मतदानात जोहरान ममदानी या तरुणाने माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना हरवले. आता पक्षाच्या मोठ्या पुढाऱ्यांनी त्याला पाठिंबा द्यायला हवा होता की नाही? प्रतिनिधिगृहातले त्या पक्षाचे नेते हकीम जेफ्रीज स्वतः न्यूयॉर्कचेच. त्यांनी पाठिंबा जाहीर केला तो ऑक्टोबरच्या २४ तारखेला, आगाऊ मतदान सुरू होण्याच्या आदल्या दिवशी. सेनेटमधले नेते चक शूमर तेही न्यूयॉर्कचेच, आणि त्यांनी शेवटपर्यंत नाव घेतले नाही. कोणाला मत दिले हेही सांगितले नाही. ४ नोव्हेंबरला ममदानी निवडून आले ते आले. तिथे अनेकांचा आक्षेप असा होता की, तुमच्याच पक्षाच्या लाखो मतदारांनी ज्याला निवडले त्याला तुम्ही ओळख कशी देत नाही?

आपल्याकडे हा आक्षेप जसाच्या तसा घेता येत नाही, कारण आपल्याकडे उमेदवार ठरतो तो बंद खोलीत. मुलाखती होतात, सर्वेक्षण झाले असे सांगतात, आणि मग एका रात्री यादी येते. पंधरा वर्षे सभेच्या सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता बाहेर राहतो, आणि परवा दुसऱ्या पक्षातून आलेला आत जातो. म्हणून कोणी म्हणेल, अशा उमेदवाराला पुढाऱ्याने का उचलून धरावे? मला वाटते, आपल्याकडे पुढाऱ्याची जबाबदारी न्यूयॉर्कपेक्षा जड आहे ती नेमकी यामुळेच. शूमर निदान म्हणू शकतात की, हा उमेदवार मी निवडला नाही. आपला जिल्ह्याचा पुढारी ते म्हणू शकत नाही. त्या बंद खोलीत तो होता. बहुधा खुर्चीही त्याचीच होती. ज्याला त्या खोलीत खरोखरच कोणी बोलावले नाही, ज्याचे मत कोणी विचारले नाही, त्या साध्या कार्यकर्त्याकडून उत्साहाची अपेक्षा करणे जुलमाचे होईल. त्याला मी या जबाबदारीतून मोकळा समजतो. पण ज्याने यादीवर हात फिरवला, त्याला नंतर ती यादी नापसंत असण्याची सवलत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? इथे गंमत आहे. १९८५ साली घटनेला ५२ वी दुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट जोडले गेले, ते आमदार-खासदारांसाठी. नगरसेवक, पंचायत समितीचे आणि जिल्हा परिषदेचे सदस्य यांच्यासाठी आपल्या राज्याने १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्यांच्या अनर्हतेचा कायदा केला. निवडून आलेल्या नगरसेवकाने पक्षाचा व्हिप झुगारून मत दिले, तर नगरपरिषदेच्या बाबतीत तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, आणि त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. म्हणजे निवडून आलेल्याला दावे आहे. त्याला निवडून न येऊ देणाऱ्याला मात्र सगळे रान मोकळे! उमेदवाराचा अर्ज भरल्यापासून मतमोजणीपर्यंत पुढाऱ्याने काय करावे, याविषयी कायद्यात एक अक्षर नाही.

पुढारी स्वतः आमदार किंवा खासदार असेल तर थोडे निराळे. दहाव्या परिशिष्टात 'स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडणे' असे शब्द आहेत. त्यांचा अर्थ गोव्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली लावला. रवी नाईक यांचे ते प्रकरण. राजीनामा लिहून दिला नाही तरी वर्तनावरूनही सदस्यत्व सोडल्याचे अनुमान काढता येते, असे न्यायालयाने म्हटले. याच विचाराने २०१७ साली शरद यादव यांचे राज्यसभेचे सदस्यत्व गेले. पक्षाने नको म्हटले असताना ते पाटण्यात विरोधी पक्षाच्या जाहीर सभेला गेले होते, हा त्यांच्याविरुद्धचा एक मोठा मुद्दा होता. आता पाहा, काय झाले ते. जो उघडपणे व्यासपीठावर गेला तो सापडला. जो आपल्या पक्षाच्या व्यासपीठावर हार घालून घेतो आणि रात्री फोनवरून दुसऱ्याचे काम करतो, त्याला पकडणारा कायदा नाही, आणि होऊ शकेल असेही मला वाटत नाही. फोनवर काय बोलणे झाले, याची साक्ष कोण देणार?

असे प्रकरण चौकशीला गेले म्हणजे काय होते, याचे एक जुने उदाहरण आपल्याच मुंबईचे आहे. ते जरा सविस्तर सांगतो. खुर्शेद फ्रामजी नरिमन हे मुंबईतल्या काँग्रेसचे एके काळचे फार लोकप्रिय पुढारी. बॅकबेच्या भरावातला गैरकारभार त्यांनी चव्हाट्यावर आणला होता. लोक त्यांना 'वीर नरिमन' म्हणत. १९३४ साली केंद्रीय विधिमंडळाची निवडणूक झाली, तेव्हा ते मुंबई प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते. मुंबई शहरातून काँग्रेसचे एक अधिकृत उमेदवार होते कन्हैयालाल मुनशी. मुनशी पडले आणि सर कावसजी जहांगीर निवडून आले. कार्यकर्त्यांत कुजबुज सुरू झाली की, अध्यक्षांनी मुनशींचे काम केले नाही, आतून कावसजींना हातभार लावला.

कुजबुज तीन वर्षे तशीच राहिली. १९३७ साली प्रांतिक निवडणुका होऊन मुंबई इलाख्यात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष झाली, आणि पंतप्रधान कोण (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत) हा प्रश्न आला. पुष्कळांना वाटत होते की नरिमन होणार. निवड झाली बाळासाहेब खेर यांची. नरिमनांनी यात सरदार वल्लभभाई पटेलांचा हात आहे असा आरोप केला, आणि प्रकरण पेटले. शेवटी महात्मा गांधी आणि मुंबईचे नामांकित कायदेपंडित बहादुरजी यांच्यापुढे चौकशी झाली. सरदारांवरचा आरोप टिकला नाही. उलट १९३४ सालचा विषय वर आला आणि त्यात नरिमन दोषी ठरले. काँग्रेस कार्यकारिणीने त्यांना पक्षातल्या जबाबदारीच्या पदाला अपात्र मानले. एका कर्तबगार माणसाचे राजकीय आयुष्य त्या एका ठपक्याखाली दबून गेले.

बरे, एवढे होऊन तरी विषय संपला काय? नाही. मौलाना आझादांच्या आठवणी १९५९ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत त्यांनी नरिमनांवर अन्याय झाला असे लिहिले. अभ्यासक आजही दोन्ही बाजूंनी बोलतात. मुंबईच्या समुद्रकाठी नरिमन पॉइंट आहे, रस्त्याला त्यांचे नाव आहे, आणि १९३४ साली त्यांनी नेमके काय केले याबद्दल अजून एकमत नाही. माझ्या दृष्टीने या गोष्टीचा अर्थ असा की, आतून केलेला विरोध, किंवा न केलेल्या विरोधाचा आतला संशय, कधीच धुतला जात नाही. नरिमनांनी १९३४ सालीच उघड सांगितले असते की, 'मुनशींची उमेदवारी मला मान्य नाही, मी अध्यक्षपद सोडतो,' किंवा 'मान्य आहे, आणि मी रोज त्यांच्या सभेला जाणार,' तर चौकशीला काही उरलेच नसते. ते दोषी असोत वा नसोत, त्यांना वाचवणारी गोष्ट एकच होती, आणि ती म्हणजे सर्वांदेखत घेतलेली बाजू.

याच्या अगदी उलटे उदाहरण १९६९ चे. राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसच्या संसदीय मंडळाने बंगलोरला नीलम संजीव रेड्डींचे नाव ठरवले. यशवंतराव चव्हाणांनीही त्या बैठकीत रेड्डींच्या बाजूने मत दिले होते. इंदिराबाईंना ते नाव नको होते. तरी रेड्डींच्या उमेदवारीला त्यांनी रीतसर दुजोरा दिला, आणि पुढे व्हिप काढण्याचे नाकारून सभासदांना विवेकबुद्धीप्रमाणे मत देण्यास सांगितले. व्ही. व्ही. गिरी निवडून आले. आधी दुजोरा देऊन मग हात काढून घेणे मला पटलेले नाही, हे वर्गातही मी लपवीत नाही. पण एवढे मान्य केले पाहिजे की, जे झाले ते दिवसाढवळ्या झाले. त्याचे मोलही चुकते करावे लागले. १२ नोव्हेंबर १९६९ ला त्यांना पक्षातून काढण्यात आले आणि पक्षाचे दोन तुकडे झाले. त्या वेळी कोण कोणाकडे आहे, हे शेतातल्या गड्यालाही ठाऊक होते.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "गुरुजी, राष्ट्रपतीचे सोडा. इथे प्रश्न नाली, नळ आणि रस्त्यावरच्या दिव्याचा आहे. गावच्या कामात पक्ष कसला बघता? चांगला माणूस दुसऱ्या पक्षात असला तर पुढाऱ्याने त्याला मदत करू नये काय?" या म्हणण्यात तथ्य आहे. नालीला पक्ष नसतो. मतदार म्हणून तुम्ही आणि मी कोणत्याही चिन्हाला बांधलेले नाही. पुढारीसुद्धा मतदानयंत्रापुढे एकटाच असतो, आणि तिथे तो कोणते बटन दाबतो हा त्याचा आणि त्याच्या मनाचा व्यवहार. ते मत गुप्त आहे आणि गुप्तच राहावे. पण त्याचे व्यासपीठ, त्याची गाडी, त्याच्या शब्दावर फिरणारी पोरे, ही त्याची खाजगी मालमत्ता नव्हे. ती त्याला पक्षाच्या पदामुळे मिळाली आहे. ती दुसऱ्यासाठी वापरायची असेल तर आधी पद खाली ठेवावे लागेल.

आणि वेळेचाही प्रश्न आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सोलापूर दक्षिणमध्ये महाविकास आघाडीचे अधिकृत उमेदवार होते शिवसेना ठाकरे गटाचे अमर पाटील. मतदानाच्या दिवशी सकाळी, आघाडीतल्याच काँग्रेसच्या खासदार प्रणिती शिंदे आणि ज्येष्ठ नेते सुशीलकुमार शिंदे यांनी अपक्ष धर्मराज काडादी यांना पाठिंबा असल्याचे जाहीर केले. उघडपणा होता, हे खरे. पण केंद्रावर रांगा लागल्यावर आलेल्या उघडपणाचा मतदाराला काय उपयोग? त्या उमेदवाराने त्या दिवशी कोणाकडे जाऊन काय सांगायचे? विरोध करायचा तर तो अर्ज माघारी घेण्याच्या मुदतीपूर्वी झाला पाहिजे. मग उमेदवार विचार करू शकतो, पक्ष विचार करू शकतो, आणि तुम्हीही.

एक अपवाद मी मानतो. उमेदवारी दिल्यानंतर उमेदवाराविषयी काही गंभीर बाहेर आले, त्याने लपवलेला गुन्हा उघडकीला आला, तर पुढाऱ्याने पाठिंबा काढून घ्यावा, आणि का काढला ते सभेत सांगावे. पण उमेदवाराच्या शपथपत्रात जे आधीच लिहिलेले होते ते वाचून दहा दिवसांनी धक्का बसल्याचा आव आणू नये.

हे सगळे ऐकून तुम्हाला वाटेल की ही पुढाऱ्यांची आपसातली भांडणे, आपल्याला काय त्याचे? म्हणून या आतल्या खेळात मारला जातो कोण, हे पाहू. मोठ्या घरचा उमेदवार मारला जात नाही. त्याच्यापाशी पैसा असतो, नातीगोती असतात, पुढारी आला नाही तरी त्याचे अडत नाही. मारला जातो तो ज्याच्यापाशी पक्षाच्या चिन्हाशिवाय काहीच नाही तो. १९९३ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि २०११ पासून आपल्या राज्यात त्या निम्म्या झाल्या. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्यासाठीही जागा राखीव असतात, आणि त्या सोडतीने फिरतात.

समजा, एका प्रभागात अशी राखीव जागा निघाली. पक्षाने शिवणकाम करून घर चालवणाऱ्या एका बाईंना उभे केले. आजवर त्या कधी सभेत बोललेल्या नाहीत. त्यांच्या पत्रकावर पुढाऱ्याचा फोटो त्यांच्या फोटोपेक्षा मोठा आहे. नगरपरिषदेच्या निवडणुकीत नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा असतो, आणि बहुतेक प्रभागांतून दोन सदस्य. म्हणजे मतदाराला तीन बटने दाबायची. पुढाऱ्याचे सगळे लक्ष वरच्या एका बटनावर. मग रात्री निरोप फिरतो, "वरचे एक आपले दाबा. खालच्या दोहोंचे तुमचे तुम्ही बघा." नगराध्यक्षाची मते मिळवण्यासाठी दुसऱ्या गटाशी केलेला हा सौदा, आणि त्या सौद्यात विकल्या गेल्या त्या बाई. त्यांना कोणी सांगितलेलेही नसते. मोजणीच्या दिवशी एकाच केंद्रावर पक्षाच्या नगराध्यक्षाला भरघोस मते आणि पक्षाच्या सदस्याला मूठभर, असा हिशेब समोर येतो तेव्हा त्यांना कळते. पुढच्या वेळी कोणी उभे राहा म्हटले तर त्यांच्या आळीतली दुसरी बाई काय उत्तर देईल? राखीव जागेचा कायदा करणाऱ्यांनी जे दार उघडले, ते या एका निरोपाने आतून लावून घेतले जाते. शिक्षक मित्रहो, तुम्ही मतदान केंद्रावर अधिकारी म्हणून बसता, प्रचारात पडण्याची तुम्हाला मुभा नाही आणि नसावी. पण केंद्रावरचा असा हिशेब तुमच्यापैकी अनेकांच्या नजरेखालून गेलेला असणार.

आघाड्या आणि युत्या आल्यापासून गुंता आणखी वाढला आहे. आमचा देऊळगाव राजा तालुका सिंदखेड राजा विधानसभा मतदारसंघात येतो. २०२४ साली इथे महायुतीतल्या दोन पक्षांचे दोन अधिकृत उमेदवार समोरासमोर होते, राष्ट्रवादीचे मनोज कायंदे आणि शिवसेनेचे शशिकांत खेडेकर. तिसरीकडे राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे डॉ. राजेंद्र शिंगणे. कायंदे निवडून आले. आता युतीतल्या तिसऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्याने कोणाचे काम करायचे होते? अशा लढतीला 'मैत्रीपूर्ण लढत' म्हणतात. शब्द मोठा गोड आहे, पण मैत्री आणि लढत एका ताटात वाढली की जेवणाऱ्याने काय खावे ते कळत नाही. नगरपालिकांतही हे चालते. माझे म्हणणे असे की, जिथे युतीने दोन उमेदवार दिले तिथे युतीच्या सामाईक पुढाऱ्याने स्पष्ट सांगावे की या जागी आमची युती नाही. ज्याने त्याने आपल्या पक्षाचे काम करावे. एवढे एक वाक्य पुरे आहे. ते म्हटले जात नाही, कारण न म्हणण्यात दोन्हीकडून सोय असते.

मग करावे काय? नवा कायदा मी मागत नाही. पक्ष ही स्वेच्छेने एकत्र आलेल्या माणसांची संस्था आहे, आणि कोणाच्या तोंडून जबरीने स्तुती वदवून घेणारा कायदा असू नये. पण एक लहानशी गोष्ट करता येण्यासारखी आहे. तुमच्या गावच्या सोसायटीत ठराव होतो तेव्हा सूचक कोण, अनुमोदक कोण, ते इतिवृत्तात लिहितात. कोणाचा विरोध असला तर विरोधाची नोंद होते. शाळेच्या व्यवस्थापन समितीतही तसेच. खताच्या दहा पोत्यांच्या खरेदीला जी शिस्त आहे, ती पाच वर्षांच्या कारभाऱ्याच्या निवडीला नाही! पक्षाच्या निवड मंडळाने उमेदवार ठरवताना बैठकीत कोण हजर होते, कोण अनुकूल, कोण प्रतिकूल, हे लिहून त्यावर सह्या घ्याव्यात, आणि अर्ज माघारीच्या आदल्या दिवशी तो कागद पक्षाच्या कार्यालयाच्या भिंतीवर लावावा. ज्यांची सही अनुकूल, त्यांनी प्रभागात यावे. ज्यांचा विरोध नोंदलेला आहे, त्यांनी घरी बसावे. त्यांना कोणी नावे ठेवू नयेत, मात्र त्यांनी दुसऱ्याच्या दारी जाऊ नये.

पक्ष हे आपण होऊन करतील असे समजण्याइतका मी भोळा नाही. पण उमेदवार मत मागायला दारात येतो तेव्हा तुम्ही त्याला पाणी देता, बसायला सांगता. त्याच वेळी विचारा, "तुमचे तालुक्याचे साहेब आपल्या प्रभागात कोणत्या दिवशी येणार आहेत?" तारीख सांगितली तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, ती लिहून ठेवा. आणि त्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावर सभा झाली का, हे पाहून या.